ऊन प्यालेला हिरा

“हिरा बदललाय म्हणत्यात, अण्णा. आन् सूनबाईनंच बदललाय म्हणत्यात.”

निपाणीच्या तंबाखूच्या वखारीतला दिवाणजी हे माझ्या ऑफिसच्या दारातच उभा राहून बोलला. बसा म्हटलं तरी बसेना. पहाटेच्या सर्व्हिस मोटारीने तो बेळगावात आला होता आणि मला घेऊन साडेनवाच्या मोटारीने परत जायचं असा त्याला मालकाचा हुकूम होता. त्याचे मालक म्हणजे आप्पासाहेब, वखारीचे धनी. सुनेच्या बापालाही कंग्राळीहून आणायला आदल्या रात्रीच माणूस धाडला होता. आज सूर्य मावळायच्या आत उलगडा झाला नाही, तर उद्या सकाळी तो मुलीला कायमची माहेरी घेऊन जाणार होता.

मी तराजू, भिंग, नोंदवही आणि रंग ताडून बघायचा माझा नमुन्याचा हिरा पेटीत भरला. त्या हिऱ्याच्या चिठ्ठीवर सही माझी होती.

माझा धंदा हिरे पारखण्याचा. विकण्याचा नव्हे. मुंबईला एका गुजराती मेहताजींच्या हाताखाली अकरा वर्षं काढली आणि मग बेळगावात येऊन खडेबाजारात एक खोली घेतली. विकणारा आणि घेणारा दोघेही माझ्याकडे येत. मी खडा बघून चिठ्ठी लिहून देई आणि ती चिठ्ठी दोघे मानत. चिठ्ठीत चार गोष्टी असत. पहिलं वजन, म्हणजे कॅरट. दुसरं डाग, म्हणजे आत काही रेघ, ठिपका, पिसासारखी चीर आहे का. तिसरं पैलू, ते नीट पाडलेत की नाही. आणि चौथं पाणी, म्हणजे रंग. हिऱ्याला रंग जितका कमी तितका तो उंची. अगदी पांढऱ्याशुभ्र, किंचित निळसर वाटणाऱ्याला आम्ही फर्स्ट वॉटर म्हणत असू. पिवळट झाक असली की तो केप. दोघांच्या किमतीत जमीनअस्मानाचा फरक.

हा हिरा बेळगावच्या एका वकिलांच्या घरातला. अंगठीतून काढलेला, सुटा. माझ्या चिठ्ठीत लिहिलं होतं: एक कॅरट ब्याऐंशी सेंट, कडेला एक बारीक पीस, पैलू चांगले, पाणी फर्स्ट वॉटर. त्या चिठ्ठीवर आप्पासाहेबांनी तो जांगड नेला होता. जांगड म्हणजे विश्वासावर घरी न्यायचा, पसंत पडला तर पैसे, नाही तर माल परत. कापडातही जांगड चालतं. पण हिऱ्याच्या जांगडाची आमच्या भागात वेगळीच रीत. हिरा मानवतो की नाही हे बघायचं असतं. जिच्या अंगावर तो जायचा, तिनेच तीन दिवस सांभाळायचा. सकाळी न्हाऊन ओलेत्याने अंगणात उभं राहून सूर्याला दाखवायचा आणि मग मुठीत धरून देवघरात नेऊन देवापुढे ठेवायचा. तीन दिवसांत घरात काही वाकडं घडलं नाही, तर हिरा लाभला. माझा या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. उलट वाटायचं, गिऱ्हाईक तीन दिवस खडा डोळ्यांपुढे ठेवतं तेवढीच त्याची ओढ वाढते.

संकेश्वरला मोटार पाण्यासाठी थांबली. तिथे दिवाणजी जरा सैलावला आणि त्याने घरातली हकिकत सांगितली. सून, शेवंता, ही मुलाची दुसरी बायको. मुलगा तंबाखूच्या खरेदीला बाहेरगावी गेला होता. पहिली गोदा, लग्नानंतर चौथ्या वर्षी तापाने गेली. गोदा ही सासूची, काशाक्कांची, भाचीच. ती गेल्यापासून काशाक्का धड जेवल्या नव्हत्या. शेवंताला येऊन सात महिने झाले होते. दिवाणजी म्हणाला की पोरगी कामाला वाघीण आहे, पण काशाक्का तिच्याकडे बघतात ते तिच्या पाठीमागे कोणी उभं असल्यासारखं. हे सांगताना त्याने आवाज खाली आणला. भर दिवसा, हमरस्त्यावर, चार माणसं आजूबाजूला असताना.

साडेबाराला आम्ही पोचलो. पडवीत एक शेतकरी खाली मान घालून बसला होता. त्याच्यापुढे ठेवलेलं पाण्याचं तांब्याभांडं तसंच होतं. हा मुलीचा बाप, हे सांगावं लागलं नाही.

आप्पासाहेब रोखठोक माणूस. नमस्कार झाल्याबरोबर त्यांनी पुडी माझ्यापुढे सरकवली. मी सोप्यातल्या खिडकीशी बसून वजन केलं. एक कॅरट ब्याऐंशी. भिंगाखाली धरला. कडेला पीस होतं, आणि नोंदवहीत मी काढलेल्या आकृतीत ते जिथे होतं तिथेच, तेवढंच, तसंच वळलेलं. माणसाचा अंगठा आणि हिऱ्याचा डाग, दुसऱ्याचा सारखा नसतो. मी आप्पासाहेबांना भिंग देऊन दाखवलं. हिरा तोच होता, कोणी बदललेला नव्हता. पडवीतला माणूस ऐकत असावा, कारण त्याने तेव्हा कुठे पाणी प्यायलं.

आप्पासाहेबांनी भिंग खाली ठेवलं. “मंग दिव्यात पिवळा का दिसतोय? काल सांजेला म्या बघिटला. तुमी तर फर्स्ट वॉटर लिवलंय.”

मी हसलो. दिव्याच्या उजेडात सगळंच पिवळं दिसतं, म्हणून तर पारखी दिव्यात रंग बघत नाहीत, असं त्यांना समजावलं. मेहताजींनी पहिल्याच दिवशी घोकून घेतलेला नियम होता तो. सकाळची वेळ, उत्तरेची खिडकी, पांढरा कागद. तरी आप्पासाहेबांचं समाधान व्हावं म्हणून आम्ही देवघरात गेलो. त्या खोलीला खिडकी नव्हती. दार लोटून समई तेवढी ठेवली आणि तिच्या उजेडात मी माझा नमुन्याचा हिरा आणि तो हिरा शेजारी शेजारी ठेवले.

समईत माझा हिरा पिवळा व्हायला हवा होता तेवढाच झाला होता. हा मात्र हळदीच्या पाण्यात बुडवून काढल्यासारखा. हा केप होता. चांगला, ठसठशीत केप. आणि मी, अकरा वर्षं मुंबईत घासलेला माणूस, त्याला फर्स्ट वॉटर लिहून बसलो होतो.

मी दोन्ही खडे आपापल्या पुडीत घातले आणि बाहेर आलो. खरं सांगतो, त्या क्षणी मी पळवाट शोधत होतो. चोरीचा आळ गेलाच आहे, आता ‘दिव्याचा दोष’ म्हणून उठावं, मोटार पकडावी, हेच डोक्यात होतं. वकिलांच्या घरी काय तोंड दाखवायचं हे नंतर बघू. माझ्या चिठ्ठीवर बेळगावपासून लोंढ्यापर्यंत लोक डोळे मिटून व्यवहार करत होते आणि त्यावरच माझं घर चालत होतं.

तेवढ्यात काशाक्का आतून आल्या. कृश बाई, डोळे मोठे. त्या उभ्या उभ्याच म्हणाल्या की चोरी केली नसेल, पण ही पोरगी घरात ठेवायची नाही. हिरा देवापुढे आपोआप पेटतो असं ती म्हणते. तीन दिवस म्हणतेय. सगळ्यांनी जाऊन बघितलं, कुणाला काही दिसलं नाही. एक तर ही खोटारडी आहे, नाही तर झपाटलेली.

शेवंताला बोलावलं. असेल सतरा-अठरा वर्षांची. रडून रडून चेहरा सुजला होता, पण बोलली नीट. सकाळी सूर्याला दाखवून हिरा मुठीत धरून ती देवघरात येई, दार लोटून डोळे मिटून स्तोत्र म्हणे आणि डोळे उघडले की ताम्हनात निळसर उजेड असे. समई लावायच्या आधी. थोड्या वेळाने तो विझे. तिने तीनही दिवस पाहिला होता आणि तीनही दिवस सांगितलं होतं.

“चोर न्हाय तर झपाटल्याली,” ती म्हणाली. “ह्यातलं कंचं बी नाव घिऊन म्या कंग्राळीत कशी जाऊ, अण्णा? पाठची भन हाय माझी लग्नाची.”

माझ्या अंगावर काटा आला, तो भुताच्या भीतीने नव्हे. मला मेहताजींचं बोलणं आठवलं. ते एकदा म्हणाले होते की काही हिरे ऊन पितात. उन्हात ते आतून निळसर उजेड फेकतात आणि त्या निळ्यात त्यांचा पिवळेपणा लपतो, म्हणून दिवसा ते पांढरेशुभ्र दिसतात. त्यातले क्वचित काही अंधारात गेल्यावरही थोडा वेळ तो उजेड ओकत राहतात. मी तेव्हा हसण्यावारी नेलं होतं. असा खडा मी जन्मात पाहिला नव्हता. आता सगळं जुळत होतं. माझ्या ऑफिससमोरची भिंत त्याच आठवड्यात चुन्याने रंगवली होती आणि सकाळचं ऊन त्यावरून उसळून सरळ माझ्या टेबलावर येत होतं. त्या उजेडात या हिऱ्याने मला बनवलं होतं. म्हणजे मुलगी खरं बोलत असेल, तर माझी चिठ्ठी खोटी. तिला सोडवायचं तर मला स्वतःच्या सहीवर काट मारावी लागणार होती.

मी शेवटी आप्पासाहेबांना म्हणालो, “सगळ्यांनी देवघरात बसायचं. दिवा नको. मी सांगीन तोवर कोणी बोलायचं नाही.”

उन्हातून आलेल्या डोळ्यांना अंधारात काही दिसत नाही. ही माणसं आदल्या दिवशी सांजेला, समई हातात घेऊन बघायला गेली होती. तेव्हा हिऱ्यातलं ऊन कधीच सरलं होतं. म्हणून मी आधी बघणाऱ्यांचे डोळे अंधाराला सरावू दिले. आप्पासाहेब, काशाक्का, मुलीचा बाप, दिवाणजी आणि मी. दाराला आतून घोंगडं लावलं. शेवंताला अंगणात हिरा तळहातावर घेऊन उन्हात उभं राहायला सांगितलं.

पाव तास आम्ही बसलो. बाहेर दुपार होती, रस्त्यावर गाडी जाताना ऐकू येत होती, आणि आत डोळ्यांत बोट घातलं तरी कळू नये असा काळोख. शिळ्या फुलांचा आणि तेलाचा वास. काशाक्कांचा श्वास मला ऐकू येत होता. मधेच तो थांबे, आणि मी तो परत सुरू व्हायची वाट बघत बसे. खोलीत आम्ही पाचच माणसं होतो. मी दोनदा मोजली, का ते विचारू नका.

मग मी हाक मारली. घोंगडं हललं, उजेडाची एक पट्टी आली आणि गेली. पैंजणांचा आवाज आमच्या मधोमध येऊन थांबला.

“उघड मूठ,” मी म्हणालो.

हवेत एक निळा ठिपका उगवला. हात दिसत नव्हता, मुलगी दिसत नव्हती. छातीच्या उंचीवर नुसता तो ठिपका, काजव्याएवढा, पण न लुकलुकणारा. काजवा जिवंत असतो हे तरी ठाऊक असतं. हा गार होता आणि स्थिर होता आणि आमच्याकडे बघत होता. मला कारण माहीत होतं, मीच हा प्रयोग मांडला होता, तरी मी भिंतीला टेकलो. दिवाणजी देवाचं नाव घेऊ लागला. हळूहळू ठिपका फिकट झाला.

काशाक्का त्या काळोखात अगदी शांतपणे म्हणाल्या, “गोदा हाय ती.”

ठिपका विझला तरी बराच वेळ आम्ही उठलो नाही.

बाहेर आल्यावर मी सगळं सांगितलं. ऊन पिणारा हिरा, निळा उजेड, त्यात लपणारा पिवळा रंग, माझी भिंत, माझी चूक. आप्पासाहेबांच्या देखत जुनी चिठ्ठी फाडली आणि नवी लिहिली. पाणी केप. उन्हात निळा उजेड देतो. अंधारात थोडा वेळ तेवतो. सही करताना कान तापले होते. आप्पासाहेब माझ्यावर ओरडतील असं वाटलं होतं, पण ते सुनेच्या बापाकडे गेले आणि हात जोडले. मग म्हणाले, “पोर हितंच ऱ्हाईल, पावनं. चूक आमची झाली.” त्या माणसाने डोक्याचा पटका सोडून त्यातच तोंड पुसलं. मला फार बरं वाटलं. स्वतःचं नाक कापून घेऊन इतकं बरं वाटेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

निघताना शेवंता चहा घेऊन आली. कोणी जवळ नाही असं बघून हळूच म्हणाली, “अण्णा, पयल्या दिवशी आभाळ आलतं. ऊन न्हवतंच पडलं.”

ढगांतूनही ऊन झिरपतं, असं मी तिला सांगितलं. झिरपत असणारच.

हिरा परत येईल अशी माझी खात्री होती. केपच्या भावानेही असला खडा कोण ठेवून घेणार? पण चौथ्या दिवशी आप्पासाहेबांचा माणूस केपच्या भावाने पैसे घेऊन वकिलांकडे गेला. वकिलांनी मला दोन शब्द सुनावले, ते मी ऐकून घेतले. धंदा वर्षभर मंदावला, मग परत सुरळीत झाला. चूक कबूल करणारा पारखी म्हणून उलट दोन गिऱ्हाइकं जास्तच आली. मी हा किस्सा ऐटीत सांगू लागलो. विज्ञानाने एका पोरीचा संसार कसा वाचवला, असं त्याचं वळण असे.

दुसरं महायुद्ध संपलं त्या साली आप्पासाहेबांची मोटार माझ्या ऑफिसपुढे थांबली. काशाक्का उतरल्या. अंगाने चांगल्या भरल्या होत्या, चेहऱ्यावर तकाकी होती. मागून शेवंता आणि दिवाणजी. हिरा अंगठीत सैल झाला होता, तो तपासून मग सोनाराकडे द्यायचा होता. मी आनंदाने म्हणालो, “ये शेवंता, बस.”

“शेवंता कोण?” काशाक्का म्हणाल्या. “ही आमची गोदा.”

लग्नात नाव बदलतात, नंतरही कधी बदलतात, त्यात नवल नाही, असं मी मनाला सांगितलं. काशाक्का दिवाणजीबरोबर समोरच्या दुकानात लुगडी बघायला गेल्या. अंगठी भिंगाखाली धरून मी विचारलं की अजून सूर्याला दाखवतेस का.

“रोज,” ती म्हणाली. “आत्याबाई आधीच अंधारात जाऊन बसत्यात. म्या मूठ उघडते. मंग त्या बोलत्यात गोदाबरोबर. घरातलं, शेतातलं, समदं सांगत्यात. इचारत्यात बी.”

“आणि उत्तर कोण देतं?”

“म्याच. दुसरं कोण हाय तितं?” तिने अंगठीसाठी हात पुढे केला. आवाजात तक्रार नव्हती, रडू नव्हतं, काहीच नव्हतं. “पयल्यांदा म्याच देत हुते. आता कवा कवा म्या गप बसले तरी उत्तर येतंय.”

मी अंगठी तिच्या हातावर ठेवली. कोंदणाचा एक काटा वाकला होता तो सांगितला. फी घेतली नाही.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. तिला मी कंग्राळीला जाऊ दिलं असतं तर काय झालं असतं, याचा हिशेब मी अजून करतो आणि तो जुळत नाही. धंद्यापुरतं एवढं मात्र शिकलो. माझ्या चिठ्ठीत तेव्हापासून एक ओळ कायम असे: दिवसाच्या उजेडात पाहिला, दिव्याच्या उजेडात पाहिला. अंधारात पाहायला कोणी बोलावलं तर मी गेलो नाही.